बॅटरीच्या पेटीतलं लिंबू

इथं परदेशात, डँडेनॉन्गच्या यार्डांमध्ये जाऊन बंद पडलेल्या मशीनची वायरिंग तपासणं हे माझं काम. त्यातल्या एका यार्डाचा मालक ठाण्याचा, माझ्याहून वयानं मोठा. त्याचा खोदकामाचा एक्स्कॅव्हेटर कधी सुरू व्हायचा, कधी किल्ली फिरवल्यावर नुसता टक् करायचा. त्यानं नवी बॅटरी टाकली, मग नवा स्टार्टर टाकला, तरी तेच. शेवटी मला बोलावून म्हणाला, "नजर लागलीय रे. इथं सगळे जळतात आपल्यावर."

मी मीटर लावला. बॅटरी पूर्ण चार्ज होती, पण स्टार्टरपर्यंत करंट पोचत नव्हता. म्हणजे वाटेतला एखादा जोड खराब. बॅटरीची पेटी उघडली, तर अर्थिंगच्या केबलला लिंबू-मिरची लटकत होती. मालक म्हणाला, बाहेर बांधली तर सेफ्टीवाला काढायला लावतो, म्हणून आत, आणि दर शनिवारी ताजी. टोचलेल्या लिंबांचा रस गळून खालचा तांब्याचा जोड हिरवागार गंजला होता.

मी जोड घासून साफ केला, बोल्ट आवळला. मशीन एका झटक्यात सुरू झालं. मालकाला गंज दाखवला, तर तो गंभीरपणे म्हणाला, "बघ, त्या लिंबानं सगळं स्वतःवर घेतलं." माझं डोकं फिरलं, पण वयानं मोठ्या माणसाशी काय वाद घालायचा.

निघताना त्यानं उरलेलं लिंबू माझ्या व्हॅनच्या बंपरला बांधलं. तेव्हापासून माझी खटारा व्हॅन एकदाही बंद पडलेली नाही, आणि खरा राग मला त्याचाच येतो.