उतारावरचे नातेवाईक

एका वर्षी आमचा अण्णा फक्त उतारावर राहणाऱ्या नातेवाइकांकडं जायला लागला.

धारवाड हे गावच असं, की चार पावलं सपाट रस्ता लागला तर वाट चुकल्यासारखं वाटतं. त्यामुळं सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही. सप्तापूरचे मामा खूश होते. त्यांच्या दारात चांगला खडा उतार, त्यामुळं अण्णा आठवड्यातनं दोनदा तिथं हजर. आत्याचं घर मात्र मैदानाकडेला, सपाटीवर. तिच्याकडं जाणं बंद. आत्यानं मला रस्त्यात गाठून विचारलं, "का रे, माझ्या चहात काय माशी पडली होती का?" मी काहीतरी पुटपुटून सटकलो. खरं कारण मला ठाऊक होतं, पण ते सांगायची सोय नव्हती.

कारण होतं मोटारसायकल.

अण्णा माझा थोरला भाऊ, हायस्कुलात गणिताचा मास्तर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो एकदा अळणावरला गेला, मागच्या दाराची चौकट करायची म्हणून लाकूड बघायला. तिथं एका वखारीत भुशाच्या ढिगातनं एक हँडल वर आलेलं त्याला दिसलं. संध्याकाळी तो टेम्पोतनं घरी आला. चौकट नव्हती, मोटारसायकल होती. चौकट आजतागायत व्हायची आहे.

गाडी इंग्लिश, पाचशे सीसीची, युद्धाच्या काळात लष्करासाठी आलेली आणि पुढं लिलावात निघालेली. लांबच्या प्रवासाला केलेली. रुंद सीट, मागं दोन्ही बाजूंना चामडी पिशव्या अडकवायच्या कड्या. पिशव्या उंदरांनी खाल्ल्या होत्या, कड्या शाबूत होत्या. मालमड्डीच्या आमच्या घराच्या व्हरांड्यात ती गाडी वर्ष-दीड वर्ष सुटी होऊन पडली होती. जेवायला बसलं की ताटाशेजारी एखादा बोल्ट असायचाच.

या जीर्णोद्धारात माझं काम बॅटरी धरायचं. बॅटरी धरताना माझं लक्ष भलतीकडं जायचं आणि उजेडही माझ्या लक्षाबरोबर जायचा. मग अण्णानं मला टाकी दिली. आतला गंज काढायला चिंचेचं पाणी आणि बारीक खडी घालून ती हलवायची. मी रविवारच्या रविवार टाकी मांडीवर घेऊन हलवत बसायचो. माझी बायको दारातनं बघून म्हणाली, "एवढं ताक घुसळलं असतंत तर लोणी तरी निघालं असतं." ठिणगी पाडणारा मॅग्नेटो हुबळीला नेऊन त्याची तार नव्यानं गुंडाळून आणली, चाकांना नवीन तारा घातल्या. एक दिवस गाडी सुरू झाली आणि गल्लीतली कुत्री दोन दिवस आमच्या दारात फिरकली नाहीत.

सुरू झाली म्हणजे अण्णानं केली. ती सुरू करणं हा एक विधी होता. हँडलच्या डाव्या बाजूला एक छोटा लिव्हर. त्यानं आधी ठिणगी मागं घ्यायची, मगच किक मारायची. विसरलं, तर इंजिन उलटं फिरून किकचा दांडा माणसालाच लाथ घालतो. अण्णा हे मला वर्गात शिकवल्यासारखं शिकवायचा. "आधी काय?" "लिव्हर." "मग?" "किक." "आणि आधी किक मारली तर?" "दवाखाना." तोंडी परीक्षेत मी पहिला यायचो. प्रात्यक्षिकात गाडी कधी माझ्या पायानं सुरू झाली नाही. एकदा तर तिनं मला जास्वंदीच्या आळ्यात बसवलं. त्यानंतर अण्णा दुसऱ्या कुणाला किक मारू देत नसे. म्हणायचा, "गाडी बसायला कुणालाही देईन. किक माझी."

आमची अक्का, आम्हा दोघांच्या मधली, हुबळीला देशपांडे नगरात दिलेली. भावोजींचं बाजारात भांड्यांचं दुकान. गाडी तयार झाल्यावर अण्णा ती दाखवायला गेला तेव्हा भावोजींनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, टाकीवर टिचकी मारून आवाज ऐकला आणि म्हणाले, "पितळ असतं तर मोडीत चांगला भाव आला असता हो." अण्णा हसला. पण ते वाक्य त्यानं कुठंतरी आत ठेवून दिलं.

आमच्याकडं श्रावणात नागपंचमीला भाऊ बहिणीला माहेरी न्यायला जातो. नुसता निरोप पाठवून भागत नाही. भावानं जायचं, बहिणीच्या घरी तंबिटाचा, म्हणजे भाजलेल्या पिठाचा गुळातला, लाडू खायचा आणि मग तिला घेऊन निघायचं. त्या वर्षापासनं अण्णा अक्काला आणायला मोटारसायकलवर जायला लागला. अक्का एका बाजूला पाय सोडून बसायची. मांडीवर लाडवांचा डबा, एक हात अण्णाच्या खांद्यावर. गल्लीतल्या बायका दारात यायच्या. गल्लीचं वळण येईपर्यंत अक्का मागं वळून सगळ्यांकडं बघायची. पुढं उणकल तळ्यापाशी वारा लागला की डोक्यावरचा पदर कानामागं खोचायची आणि धारवाड येईपर्यंत चेहरा असा, की जणू सगळा रस्ता तिच्याच नावावर आहे. मी मागनं स्कूटरवर असायचो, अक्काची बॅग घेऊन. कुठल्याही मिरवणुकीत सामान वाहणारा एक लागतोच.

वर्षामागनं वर्षं हे असंच चाललं. मग नवं शतक लागल्यावर एका आषाढात, शाळेला उशीर झाला म्हणून घाईत अण्णानं किक मारली आणि ओरडला. मी धावत बाहेर गेलो. तो पायरीवर बसला होता, गुडघा दोन्ही हातांनी धरून. "पायरीवरनं घसरलो," म्हणाला. मी गाडीकडं बघितलं. लिव्हर पुढं होता. अण्णानंही बघितलं की मी बघितलं. मी फक्त हळूच लिव्हर मागं सारला, जसं काही तो पहिल्यापासनं तिथंच होता.

गुडघा काही पूर्ण सुधारला नाही. चालता यायचं, गाडीवर बसता यायचं, पण किक मारायला लागणारा जोर त्या पायात राहिला नव्हता. मग अण्णानं गणित बदललं. आमचं घर चढाच्या माथ्यावर. गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची, वेग आला की गिअर टाकायचा, गाडी सुरू. जिथं जायचं तिथंही उतार हवा, म्हणजे परत निघता येतं. केलगेरीच्या तळ्याकडं फिरायला जायचा तोही गाडी वरच्या अंगाला लावून. त्याचं धारवाड असं हळूहळू उताराउतारानं उरलं. बाकीचं त्यानं सोडून दिलं.

आणि हुबळी? हुबळी म्हणजे परातीसारखी सपाट.

पंचमी जवळ आली तेव्हा अण्णा मला म्हणाला, "तम्मा, यंदा अक्काला तू घेऊन ये. मला पेपर तपासायचेत." श्रावणात कसले पेपर, हे मी विचारलं नाही. स्कूटर काढली आणि गेलो.

अक्कानं दार उघडलं, माझ्या मागं रस्त्यावर बघितलं, परत माझ्याकडं बघितलं.

"अण्णा कुठाय?"

"त्याला काम आहे. मी आलोय की."

"तू आलायस ते दिसतंय. आत ये, पाणी पी आणि परत जा."

"अक्का, असं काय करतीस?"

"महिना झाला, अण्णा या घराची पायरी चढला नाही. फोन केला तर दोन वाक्यं बोलतो आणि ठेवतो. यांनी त्या गाडीला मोड म्हटलं, त्याचा राग अजून धरून बसलाय का? का मीच काही बोलले?"

"राग नाही गं."

"मग काय आहे? सांग."

मी लाडू तोंडात घातला. तंबिटाचा लाडू या कामाला चांगला. तोंडात गेला की बराच वेळ बोलता येत नाही.

"सांगायचं नसेल तर नको सांगू," अक्का म्हणाली. आवाज एकदम उतरला होता. "पण त्याला सांग, न्यायला तो येणार नसेल तर मी येणार नाही. आई-अप्पा गेल्यावर माझं माहेर म्हणजे तोच. त्याच्या मनात नसेल, तर मी तिथं येऊन कुणाचा झोका खेळू?"

घरी येऊन मी अण्णाला हे जसंच्या तसं सांगितलं. त्यानं गुडघा चोळला. मग म्हणाला, "उद्या निघू. तू मागनं ये."

"आणि परत येताना?"

"गाडी बंदच करणार नाही."

मास्तरांचा उपाय ऐकायला बिनतोड होता. पंचमीच्या सकाळी, बारीक पावसात आम्ही निघालो. देशपांडे नगरात अक्काच्या फाटकासमोर अण्णा थांबला. गाडी धडधडत होती. तो सीटवरनं उतरलाच नाही.

अक्का बाहेर आली. भावाला बघून चेहरा असा फुलला, की मला वाटलं, जमलं.

"आलास? ये, आत ये."

"चल, बस!" अण्णा इंजिनावरनं ओरडला. "उशीर होतोय!"

"कशाला उशीर?"

"पाऊस वाढेल!"

"वाढू दे. गाडी बंद कर आणि आत ये."

"असू दे चालू! डबा घे आणि बस!"

एव्हाना गल्लीतली दारं उघडली होती. धूर भावोजींच्या ओसरीत शिरला होता आणि त्या धुरात भावोजी खोकत उभे होते. अक्का पायरी उतरून खाली आली.

"पंचमीच्या दिवशी बहिणीच्या दारात उभ्या उभ्या? मी काय पार्सल आहे, उचलून न्यायला?"

"अगं तसं नाही..."

"मग कसं?"

आणि तिनं हात पुढं केला. हँडलच्या उजव्या मुठीखाली एक बारकी कळ असते, ती दाबली की इंजिन मरतं. इतकी वर्षं ती अण्णाच्या खांद्यामागनं सगळं बघत आली होती. तिनं कळ दाबली. गाडीनं एक उसासा टाकला आणि बंद पडली.

एवढी शांतता त्या गल्लीत पूर्वी कधी पसरली नसेल. अण्णा बंद पडलेल्या गाडीवर तसाच बसून राहिला. मग उतरला, आत गेला, लाडू खाल्ला, चहा प्याला. अक्का प्रेमानं वाढत होती. त्याला एकेक घास जड जात होता.

निघायची वेळ झाली. अण्णानं लिव्हर मागं घेतला, दोनदा तपासला. किकवर पाय ठेवला. शेजारचे एक गृहस्थ उत्साहानं पुढं आले, "दब्बलेन री, सर?" ढकलू का, म्हणून. अण्णानं मानेनंच नको म्हटलं. मी म्हटलं, "मी बघू का?" "तू गप्प बस." त्यानं जोर लावला. दांडा अर्ध्यात आला आणि गुडघा वाकडा होऊन तो टाकीवर ओणवा झाला.

भावोजींनी त्याला दंडाला धरलं. अक्का डबा हातात घेऊन उभी होती. तिनं गुडघ्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी नजर खाली घातली.

"कधीपासनं?" तिनं विचारलं.

"आषाढापासनं," अण्णा म्हणाला.

"आणि मी इकडं..." तिनं पदरानं नाक पुसलं. "वेड्या, मला गाडी हवी होती का रे?"

मला वाटलं, आता भावोजी काहीतरी बोलणार. पितळ, मोड, भाव, काहीही. पण भावोजींनी धोतर वर खोचलं, हँडल धरलं आणि मला म्हणाले, "मागनं हात लावा जरा. ओसरीत घेऊ. पावसात गंजेल."

अण्णा आणि अक्का धारवाडला बसनं गेले. मी बसच्या मागोमाग स्कूटरवर, बॅग घेऊन, डिझेलचा धूर खात. मागच्या काचेतनं त्या दोघांची डोकी दिसत होती. नवलूर आलं तरी ती दोन डोकी बोलत होती. मधेच अक्का जोरात हसली, मधेच अण्णानं डोळे पुसल्यासारखं वाटलं. काचेवर पाऊस होता, तेव्हा खात्रीनं सांगता येत नाही. पण एक गोष्ट तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात आली. इतक्या पंचम्या ही दोघं हुबळीहून धारवाडला एकत्र आली होती आणि त्या गाडीच्या आवाजात त्यांना एकमेकांशी एक शब्दही बोलता आला नव्हता.

गाडी तेव्हापासनं अक्काच्या ओसरीतच आहे. अण्णा दर रविवारी बसनं जातो, म्हणायला गाडी पुसायला. तो फडक्यानं मडगार्ड घासत असतो, अक्का शेजारी बसून भाजी निवडत असते. फरशीवर तेल गळतं म्हणून तिनं गाडीखाली दुकानातली जुनी परात ठेवली आहे आणि त्यावरनं तिची बोलणीही चालू असतात. आत्यानंही यथावकाश अण्णाला माफ केलं. तिच्याकडं आता तो चालत जातो.

पुढच्या पंचमीला तो न्यायला गेला तेव्हा शेजारणीनं फाटकातनं विचारलं, "अक्का, यंदा गाडी नाही?"

"गाडी आहे की घरात," अक्का पिशवी अण्णाच्या हातात देत म्हणाली. "आम्ही बसनं चाललोय. बरंच बोलायचंय."