शनिवारची आंघोळ

रविवारची दुपार आहे. चर्चची उपासना आटोपून, देवळाच्या दारात सगळ्यांना सलाम करून सगुणाबाई घरी आल्यात. एकटीपुरता भात आणि कालचं कालवण पोटात ढकललंय, ताट तसंच बाजूला सरकवलंय आणि खाटेवर आडव्या झाल्यात. डोळा लागलाय म्हणावं तर नाही, जाग्या आहेत म्हणावं तर तसंही नाही. बाहेर लिंबावर एक कावळा ओरडतोय आणि त्याचा आवाज हळूहळू लांब चाललाय.

त्या पुरत्या झोपायच्या आत बाईंबद्दल थोडं सांगून टाकायला हवं. सगुणाबाई अमोलिक, वय अडुसष्ट, मिशनच्या दवाखान्यात छत्तीस वर्षं आया होत्या. नवरा केव्हाच गेला, मूलबाळ नाही. तोंडानं फटकळ, हातानं मऊ. त्यांची जिवाभावाची मैत्रीण म्हणजे सलोमी उजागरे, जी दोन महिन्यांपूर्वी वारली. ह्या दोघी दर शनिवारी काय करायच्या, तर मिशन कंपाउंडात आणि पलीकडच्या वस्तीत जी कोणी बाई अंथरुणाला खिळलेली असेल, तिला आंघोळ घालायच्या. रविवारी सगळी मंडळी तेल-पावडर करून देवळात बसते, मग खाटेवर पडलेलीनंच का पारोसं राहायचं, असं सगुणाबाईंचं म्हणणं. कुणी नेमलं नव्हतं की देवळाच्या पाळकांनी सांगितलं नव्हतं. तीस वर्षं चाललं. सगुणाबाई पाणी घ्यायच्या, अंग पुसायच्या, पाठ चोळायच्या. सलोमी उशाशी बसून आजारी बाईचा हात धरायची, कूस वळवायला खांदा द्यायची आणि डोळे मिटून प्रार्थना करायची. आणि प्रार्थना तरी काय! ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. दारातून जाणारे लोक टोपी काढून थांबायचे.

सलोमी गेली आणि शनिवार बंद पडला.

विचारणाऱ्याला सगुणाबाई सांगतात, माझी कंबर धरलीय. साफ खोटं. कंबर ठणठणीत आहे. खरं कारण हे की बाईंना चारचौघांत तोंड उघडून प्रार्थना करता येत नाही. हसू नका. जिथं पाच वर्षांचं पोरगंसुद्धा उभं राहून ‘हे प्रेमळ देवबापा’ म्हणून सुरू करतं, तिथं ही जिवाला लागणारी गोष्ट आहे. फार वर्षांपूर्वी एका घरसभेत पाळकांनी अचानक सांगितलं, “आता सगुणाबाई प्रार्थना चालवतील.” बाई उभ्या राहिल्या, घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली आणि शेवटी नुसतं ‘आमेन’ म्हणून त्या खाली बसल्या. मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. तेव्हापासून त्या सलोमीच्या पदराआड राहिल्या. आता एकटीनं कुणाच्या घरी जायचं आणि आंघोळ झाल्यावर घरच्यांनी हात जोडून म्हटलं, “बाई, प्रार्थना करा,” तर? प्रार्थना न करता उठून यायचं म्हणजे ती नुसती दवाखान्यातली ड्यूटी झाली, शनिवारची आंघोळ नव्हे, असं त्यांच्या मनानं घेतलंय.

आणि आज देवळाच्या पायरीवर ग्लोरीनं गाठलं. ग्लोरी म्हणजे रिबेका टीचरची सून. टीचरनं अर्ध्या कंपाउंडाला बाराखडी शिकवली आणि आता वर्षभर त्यांचं अर्धं अंग लुळं पडलंय.

“काकू, आईंच्या पाठीला लाल झालंय,” ग्लोरी म्हणाली. “मला एकटीला वळवत नाही. ह्यांना त्या हात लावू देत नाहीत. तुम्ही येता का?”

“अगं, माझी कंबर...”

“बरं,” ग्लोरी म्हणाली आणि गेली.

तेवढंच ‘बरं’. रागावली असती तर परवडलं असतं. लाल झालेली कातडी दोन दिवसांत फुटते आणि एकदा फुटली की म्हाताऱ्या अंगाची जखम भरता भरत नाही, हे सगुणाबाईंना सांगायला का कोण हवं? त्या घरी आल्या. रविवारी सलोमी त्यांच्याकडं जेवायला असायची. सवयीनं दोन पाट मांडले गेले, मग एक उचलून भिंतीला लावला. इतकं एकटं वाटलं की रेडिओसुद्धा लावावासा वाटला नाही.

कावळा ओरडायचा थांबतो.

सगुणाबाई देवळात आहेत, बायकांच्या बाजूला, तिसऱ्या बाकावर. सगळी मंडळी मान वळवून त्यांच्याकडं बघतेय. कोणीतरी म्हणतं, “सगुणाबाई प्रार्थना चालवतील.” त्या उठतात. त्या डोळे घट्ट मिटतात आणि उघडतात तर देऊळ रिकामं आहे. शेजारी सलोमी बसलीय. चपला काढून, बाकावर मस्त मांडी घालून.

“किती वेळ उभी राहणारेस? पाय दुखतील,” ती म्हणते.

“तू मेलीस ना गं?” सगुणाबाई विचारतात. स्वप्नातही बाईंचं तोंड काही सुधारत नाही.

“मेले की.”

“चार दिवस पुण्याला लेकाकडं जाऊन येते म्हणालीस.”

“म्हणाले खरी.”

“मग? वाट बघून बघून माझे डोळे गेले, सलोमे.”

सगुणाबाई तिला निरखून बघतात. चेहरा तोच, कपाळावरचा देवीचा व्रण तोच. पण अंगावर पातळ कोणतं आहे ते काही केल्या दिसत नाही. निळं वाटतं तोवर निळं नसतं. दिसणार कुठून? पुण्यात सलोमी आजारी पडली, वीस दिवस दवाखान्यात होती, तिथंच गेली. परदेशातली मुलगी येईपर्यंत तीन दिवस ठेवली आणि मग शवपेटी बंद करूनच इथं आणली. सगुणाबाई पाणी तापवून, कोरं पातळ घेऊन दारात उभ्या होत्या. सलोमीचा लेक म्हणाला, “मावशी, आता उघडायला नको.” आयुष्यभर दुसऱ्यांना न्हाऊमाखू घातलं, आणि आपल्या मैत्रिणीच्या अंगावर एक तांब्या पाणी घालता आलं नाही. ते कोरं पातळ अजून ट्रंकेत आहे.

“काय नेसवलं होतं तुला?” त्या विचारतात.

“नेसवतंय कोण? पिशवीत घातलं, चेन ओढली आणि झालं.” सलोमी उठते. “चल, पाणी निवेल.”

दोघी बाकांमधल्या वाटेनं चालायला लागतात. चालता चालता पायाखाली दवाखान्याची फरशी आहे, फिनेलचा वास आहे, दोन्ही बाजूंना खाटा आहेत. वर मात्र छप्पर नाही, लिंबाच्या फांद्या आहेत. खाटांवर बाया झोपल्यात, सगळ्या भिंतीकडं तोंड करून. सगुणाबाईंना एकीचंही तोंड दिसत नाही, पण पाठी मात्र एकूण एक ओळखू येतात. ही हौसाबाई. ही शांतवनची आई, हिच्या खांद्यावर तीळ आहे. ही पलीकडच्या वस्तीतली सखू, हिला दोघी मिळून धरायच्या.

शेवटची खाट रिकामी आहे. जवळ घमेलं, त्यात वाफाळतं पाणी. सलोमी खाटेवर टेकते आणि पदराशी चाळा करत बसते. असं ती कधी करत नसे.

“सगुणे, एक सांगू? हसायचं नाही.”

“सांग.”

“मला घाण वाटायची गं.”

“कशाची?”

“सगळ्याचीच. वासाची. लघवीच्या कपड्यांची. त्या जखमांची तर फारच. म्हणून मी डोळे मिटून घ्यायचे आणि प्रार्थना सुरू करायचे. तुझं आवरल्याचा आवाज आला, घमेलं उचललंस, की आमेन म्हणायचे.”

सगुणाबाई बघतच राहतात. मग त्यांचं डोकं सणकतं. “तीस वर्षं? अगं बया! आणि मला वाटायचं, हिच्या प्रार्थनेनं देव खोलीत येतो. मी आपली खाली मान घालून पाठी पुसतेय, आणि हिच्याकडं तो येऊन उभा राहतोय!”

“येत असेलही. मला काय दिसणार? माझे डोळे मिटलेले.”

“आणि मला तर नुसत्या पाठी दिसायच्या.”

“मग?” सलोमी म्हणते.

एवढंच म्हणते. घमेल्यातल्या पाण्याची वाफ दोघींच्या मधून वर जातेय.

“आता मला आंघोळ घाल,” सलोमी हळूच म्हणते आणि आडवी होते. “तुझ्यापुढं कसली लाज?”

सगुणाबाई पदर खोचतात. कोपर बुडवून पाणी बघतात. तोंड, मान, हात, छाती, पाय. प्रत्येक बोटाच्या बेचक्यात फडकं फिरवतात. घाई कसलीच नाही. मग थांबतात.

“पाठ राहिली. एकटीनं कशी वळवू तुला?”

“दवाखान्यात एकटीच तर वळवायचीस. अंगाखालची चादर धरून. मी स्वतः बघितलंय, भरल्या अंगाची बाई अशी फुलासारखी वळायची.”

“हो, वळायची.”

“मग शनिवारी मला कशाला न्यायचीस? कूस तुला वळवता येत होती. प्रार्थना काय, तुझं काम झाल्यावर घरच्यांनीसुद्धा केली असती. मग कशाला?”

सगुणाबाईंच्या हातातलं फडकं तसंच राहतं. तोंड एवढं चालतं त्यांचं, पण हे कधी म्हणाल्या नव्हत्या, ना सलोमीला, ना स्वतःला.

“सोबतीला गं,” त्या म्हणतात. आणि रडतात. पेटी मातीत उतरली तेव्हा जे रडू आलं नव्हतं, ते आता येतं, नाकातोंडातून, लहान पोरीसारखं. सलोमी त्यांना रडू देते. प्रार्थना करत नाही, समजूत घालत नाही. डोळे उघडे ठेवून बघत राहते.

मग सगुणाबाई डोळे पुसतात, चादरीचं टोक मुठीत धरतात आणि ओढतात. सलोमी कुशीवर वळते. पाठीला, अगदी माकडहाडापाशी, हाताच्या पंजाएवढी जखम आहे. वीस दिवसांत तिची पाठ कोणी पाहिलेलीच नाही.

“वास येतोय का गं?” सलोमी भिंतीकडं तोंड करून विचारते.

“येतोय.”

“तुला घाण वाटतेय?”

“गप पड. साबण लावतेय.”

कडेकडेनं, दुखू नये अशा बेतानं, सगुणाबाई धुतात. पाणी गढूळ होतं की आपोआप नितळ होतं. किती वेळ जातो, काय ठाऊक. फडकं पिळल्याचा तेवढा आवाज येतोय.

“पुढच्या शनिवारी येशील?” सगुणाबाई विचारतात.

त्या फडकं पिळून घमेल्याच्या काठावर टाकतात.

“सलोमे?”

सलोमी भिंतीकडं तोंड करून झोपलीय, बाकीच्या सगळ्यांसारखी. सगुणाबाई खांद्याला हात लावायला वाकतात आणि लिंबावरचा कावळा जोरात ओरडतो.

साडेचार झालेत. ऊन खिडकीतून खाटेवर आलंय. उष्टं ताट तिथंच आहे, त्यात मुंग्या झाल्यात. घरात कोणीही नाही. सगुणाबाई काही वेळ नुसत्या पडून राहतात, कारण उठलं की ती पुन्हा गेली असं होणार. मग डोळे चोळायला हात तोंडापाशी नेतात आणि थबकतात. दहाही बोटांची टोकं पांढरी पडलीत. सुरकुतलीत. बराच वेळ पाण्यात हात घातल्यावर होतात तशी.

बाई तशा भास होणाऱ्यातल्या नाहीत. उठून मोरीत जाऊन बघतात. मोरी कोरडी ठणठणीत आहे. सकाळपासून त्यांनी साधं भांडंही विसळलेलं नाही. त्या बोटं उलटसुलट करून बघतात, एकमेकांवर घासून बघतात. कुणाला दाखवावं तर घरात दाखवायला कोण आहे?

मग त्या साबणाची वडी, मेणकापड आणि दोन जुनी मऊ फडकी पिशवीत घालतात आणि दाराला कडी लावतात. टीचरचं घर चार दारं सोडून. शनिवार नाही, रविवार आहे, आणि रविवारी, विसाव्याच्या दिवशी, कामात हात ओले केलेले पाळकांना आवडत नाहीत. नसू देत.

ग्लोरी दार उघडते. आधी सगुणाबाईंकडं बघते, मग त्यांच्या मागं, दुसरं कोणी आहे का म्हणून. कुणी नसतं.

“आधीच सांगून ठेवते,” सगुणाबाई उंबऱ्यातूनच म्हणतात. “मला प्रार्थना करता येत नाही.”

“प्रार्थना?” ग्लोरीला काही कळत नाही. “काकू, मला आईंची पाठ धुवायला माणूस हवंय हो!” आणि तिला एकदम हुंदका येतो. ती सगुणाबाईंचा हात धरून त्यांना आत ओढते, आणि धरलेल्या हाताकडं बघते.

“अगंबाई, बोटं काय झालीत ही! कंबर धरलेली असताना धुणं काढलंत का?”

“धुणं नाही गं,” सगुणाबाई म्हणतात आणि पदर खोचतात. “एकीची आंघोळ राहिली होती. जा, पाणी ठेव तापायला.”