सरदाराचा प्याला
घाटकोपरला, आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या मंडपात, एका रोमन सरदाराचा खून होता होता राहिला, हे मी अत्यंत गांभीर्याने जाहीर करतो. काल कोकमाच्या आगळाची बाटली उघडली आणि त्या आंबट वासाबरोबर ती संध्याकाळ पुन्हा अंगावर आली. आमचं रहस्यनाटक प्राचीन रोममधलं. पलंगपोस गुंडाळलेला मी गुप्तहेर, शेजारचा मित्र सरदार. त्याच्या पितळी प्याल्यात विषारी मद्य म्हणून सकाळपासून आगळ भरून ठेवलेलं. घटाघटा पिऊन त्याने आधी गडगडाटी हसायचं होतं आणि मग कोसळायचं. तो हसलाच नाही. पोट धरून वाकला, ओठ पांढरे, कपाळावर घाम; लोक टाळ्या वाजवत राहिले. “पडदा पाड रे,” तो पुटपुटला, “खरंच मरतोय.” मी प्याला हुंगला, उग्र, कळकलेला दर्प आला आणि मी धावत जाऊन पडद्याची दोरी ओढली. भडाभडा उलट्या झाल्या म्हणून तो वाचला. मी मात्र अजूनही सोलकढीआधी भांडं निरखतो. छडा गुप्तहेराने लावलाच नाही, पहिल्या रांगेतून सरदाराची मालवणी आई किंचाळली, “मेल्यांनो, बिनकल्हईच्या पितळेत आगळ ठेवलात? कळकून विष झाला त्याचा! माझ्या झिलाक मारतलात काय!”