परण्यात वाजलेलं आईचं गाणं

दादाच्या ऑर्केस्ट्रानं कॅसेट काढायची ठरवली तेव्हा मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. परभणीत चार मित्र, एक कॅसिओ, दोन गिटार आणि घरातही डोळ्यांवर गॉगल, असा सगळा थाट. स्वतःला पॉप बँड म्हणवून घ्यायचे, मेले! कॅसेटच्या 'ए' बाजूला त्यांची दणक्याची गाणी. 'बी' बाजू भरता भरता शेवटी थोडी टेप उरली, तेव्हा कुठं त्याला बहीण आठवली. "तू ते आईचं म्हण," म्हणाला.

आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. भाकरी थापता थापता मीच ते गाणं जुळवलं होतं. "माय, दार लोटून गेलीस, आता कडी कोण लावणार," अशी त्याची सुरुवात. अगदी संथ, ओढून म्हणायचं. आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, ते सोसायचं नाही. मी नुसतं गुणगुणायला लागले की ते चपला पायात सरकवून बाहेर पडायचे. कॅसेटवर माझं नाव टाकायचं नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती. माझं एक जमत आलेलं लग्न तेवढ्यावरूनच मोडलं होतं: पोरगी स्टेजवर गाते म्हणून. "आता कुणापाशी बोलाल तर याद राखा," असं त्यांनी आम्हा दोघांना बजावलं होतं.

दादाची 'ए' बाजू काळ्या कुत्र्यानंही ऐकली नाही. मग एकदा सोनपेठच्या बाजारात मी वांगी निवडत होते आणि समोरच्या कॅसेटच्या गाड्यावर कुणीतरी पोरगी चिरक्या आवाजात किंचाळत होती. खाली धाडधाड ठेका, मध्येच शिट्ट्या. मनात म्हटलं, काय बाई तरी गातात एकेक! तेवढ्यात ती म्हणाली, "क-क-कडी कोण लावणार." माझ्या हातातलं वांगं हातातच राहिलं. ती मीच होते की!

घरी येऊन दादाला विचारलं तर म्हणतो, "त्याला रिमिक्स म्हणतात, येडे. कुण्या तरी रेकॉर्डिंगवाल्यानं टेप दुप्पट वेगानं पळवून खाली ढोल घातलाय. चोर हाय साला." पण हे सांगताना त्याचा चेहरा फुलला होता. मलाही काय वाटत होतं ते मला धड कळेना. संताप आलाच होता. पण गाड्याभोवती उभी असलेली पोरं मान डोलवत होती, ते आठवून आतून गुदगुल्याही होत होत्या, आणि त्या गुदगुल्यांची लाज वाटत होती.

पुढं वालूरचं स्थळ आलं आणि चटकन जमलं. आबांनी पुन्हा एकदा सगळ्यांच्या तोंडाला कुलूप घातलं. लग्न आमच्याच दारात होतं. नामांतराच्या बंदमुळं एस.टी.चा भरवसा नव्हता, म्हणून वऱ्हाड ट्रकमधून आलं. आमच्याकडं लग्नाआधी नवरदेव मारुतीच्या देवळात जातो, तिथं त्याला कपडे करतात, मग घोड्यावरून वाजतगाजत मांडवात आणतात. याला परण्या म्हणतात. मुहूर्त टळतो तो इथंच, कारण नवरदेवाचे मित्र नाचायचे थांबत नाहीत. मांडवात लोक हातात अक्षता धरून घामानं चिंब होतात आणि गुरुजी घड्याळाकडं बघत बसतात.

परण्या आमच्या घरासमोर आला आणि जीपवरच्या भोंग्यातून मी सुरू झाले.

मुंडावळ्या बांधलेली मी, खिडकीचा गज धरून उभी. बाहेर तीस-चाळीस पोरं गुलाल उधळत माझ्या आईच्या मरणावर नाचत होती. एक संपलं की "पुन्हा तेच लावा!" हसावं की रडावं? नवरीला आधीच काही सुधरत नसतं, त्यात हे.

तेवढ्यात आबा गर्दीतून वाट काढत जीपपाशी गेले. "बंद करा हे," ते ओरडले.

माझे सासरे, म्हणजे त्यांचे व्याही, पुढं आले. "का हो इवाई? एवढं भारी गाणं हाय, पोरं नाचायलीत."

आबांनी भोंग्याकडं बोट केलं. मग म्हणाले, "माझ्या लेकीनं म्हणलंय ते. तिच्या आईवर."

संपलं, मी म्हटलं. आता ट्रक आल्या वाटेनं परत जाणार.

सासरे पोट धरून हसायला लागले. "तुमच्या लेकीनं? मंग हा ढोल माझ्या लेकानं वाजिवला म्हणा की!" सगळा परण्या हसला. त्यांना ती इवायाची थट्टाच वाटली. त्यांनी आबांच्या कपाळाला गुलाल फासला आणि हाताला धरून मध्ये ओढलं. आणि आबा नाचले. ज्या गाण्यापायी माणूस घर सोडून बाहेर जायचा, त्यावर हात वर करून नाचले. डोळ्यांतलं पाणी गुलालात मिसळून गाल लाल झाले होते. लोक म्हणाले, मुलीच्या बापाला लयच आनंद झालाय.

सत्यनारायण झाल्यावर यांनी मला शेतातल्या देवाला नारळ फोडायला नेलं. भर दुपार, आसपास कुणी नाही. नारळ फोडून झाल्यावर हे एकदम म्हणाले, "तुझे आबा थट्टा नव्हते करायले. मी घोड्यावरून बघितलं त्यांचं तोंड."

माझी मान खाली. आता काय ऐकावं लागतंय, देव जाणे.

"मंग म्हण की," हे म्हणाले. "जसं असंल तसं. मला ऐकायचंय."

एवढं साधं बोलणं, पण मला उमाळाच आला. बांधावर बसले, डोळे मिटले, आईचा चेहरा डोळ्यांपुढं आणला आणि सूर लावला. तर तोंडातून निघालं ते भरधाव. थांबले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच! "क-क-कडी." मूळची संथ चाल कुठं गेली कोण जाणे, मला ती सापडेचना. मी आईला हाका मारमारून हुंदके द्यायला लागले, आणि हे बिचारे गोंधळून मांडीवर ठेका धरायला लागले.