नाइगागाची सोमवारची टीप

नाइगागाचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या जिंजाच्या विद्यापीठात सर्व्हर सांभाळणारे आम्ही मोजके लोक. त्यात मी जुना, आणि ती कितीतरी नंतर आलेली. पूर्वी काही अडलं की लोक म्हणायचे, "किरुंडाला विचारा." आता म्हणतात, "नाइगागाची टीप बघ."

ती इगांगा गावची. बाप बसस्टँडवर रेडिओ दुरुस्त करायचा, आणि काढलेला प्रत्येक स्क्रू कागदावर क्रमाने मांडून ठेवायचा. पोरीने तीच सवय उचलली. दर सोमवारी ती आमच्या ग्रुपवर लिनक्सची एक टीप टाकते, सोबत छोटीशी स्क्रिप्ट. 'फाइली पुसणारी स्क्रिप्ट आधी नुसती नावं दाखवणारी करून चालवा, मगच पुसा.' 'लॉग पुसूनही डिस्क भरलेलीच दिसत असेल, तर कुठल्यातरी प्रोग्रॅमने तो अजून धरून ठेवलाय. तो प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू करा.' यात नवीन काय? हे सगळं मला तिच्या आधीपासून येत होतं. मी कधी लिहिलं नाही, एवढंच. तिच्या टिपेखाली बदामांची रांग लागायची आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा.

त्यात आमचे म्हातारे साहेब लुब्वामा, ज्यांना सगळे आदराने 'म्झे' म्हणतात, निवृत्त होऊन कॉफीच्या मळ्यावर जायला निघाले. आपल्या जागी कोण, हे ते शुक्रवारी सांगणार होते. ती खुर्ची मला हवी होती. तिला मिळू नये, हे त्याहून जास्त हवं होतं.

त्याच आठवड्यात तिची टीप आली. दूरच्या सर्व्हरची फायरवॉल बदलताना एक चूक झाली की आपणच बाहेर अडकतो. म्हणून तिने सगळ्या सर्व्हरांवर एक स्क्रिप्ट बसवली होती. नवे नियम लावले की ती विचारणार, 'आहात ना?' काही मिनिटांत उत्तर आलं नाही, तर जुने नियम आपोआप परत.

"पाळण्यातल्या पोरांसाठी ठीक आहे," मी सगळ्यांदेखत म्हणालो.

"मग मला लागेलच, दादा," ती म्हणाली आणि चपाती खात राहिली.

गुरुवारी सकाळी आमच्या गुलू शहरातल्या शाखेच्या सर्व्हरवर कोणीतरी परका पासवर्ड चाचपत होता. म्हटलं, म्झेंना आपला हात दाखवूच. घाईघाईने नियम लिहिले: सगळ्यांना बंद, फक्त आपल्याला उघडं. फायरवॉल वरून खाली वाचते आणि जो नियम आधी लागू पडेल तिथेच थांबते. मी 'सगळ्यांना बंद' सर्वांत वर लिहिलं होतं. एंटर दाबलं आणि स्क्रीन गोठली. गुलू म्हणजे बसने अख्खा दिवस, आणि सोमवारी तिथे नावनोंदणी सुरू व्हायची होती. साखर न घातलेला चहा मी ढवळत बसलो.

मग एकदम गुलू परत आलं. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच ग्रुपवर तिच्या स्क्रिप्टचा निरोप झळकला: 'गुलू. उत्तर नाही, जुने नियम परत लावले. बदल करणारा: किरुंडा.' असा निरोप जाणार, हे टिपेत लिहिलं होतं म्हणे. मी ती पूर्ण वाचलीच नव्हती.

म्झे फोन हातात घेऊन दारात आले. "किरुंडा, हे काय रे?"

मागच्या टेबलावरून नाइगागा म्हणाली, "मीच सांगितलं होतं, म्झे. कोणी खरोखर अडकून बघितल्याशिवाय स्क्रिप्ट चालते की नाही, कसं कळणार? दादा तयार झाले."

"नावनोंदणीच्या आधी तपासलंत, बरं केलंत," म्झे मला म्हणाले. "दुसऱ्याच्या कामाची एवढी काळजी कोण घेतं?"

शुक्रवारी खुर्ची मला मिळाली.

संध्याकाळी तिला फाटकाशी गाठलं. "खोटं का बोललीस? तुलाच मिळाली असती."

"म्हणून तर," ती म्हणाली. "म्झेंचा दिवस बघितलाय का, दादा? सकाळपासून नुसत्या कंपालाच्या लोकांशी मीटिंगा. स्क्रिप्ट कधी लिहायची मग?"

आता त्या मीटिंगांना मी बसतो. काचेपलीकडे ती आपल्या मोडक्या स्टुलावर काहीतरी लिहीत असते, मधूनच स्वतःशी हसते. तिला नको असलेल्या खुर्चीवर बसून मी त्या स्टुलाकडे बघतो आणि जळतो.