आपापलं वचन

शनिवारी चारच्या सुमारास आमच्या बंगळुरातल्या, येलहंक्याच्या घरात ऊन दिवाणखान्यात येतं आणि फरशीवर ऐसपैस पसरतं. त्या उन्हात सहा-सात तरुण पोरं मांडी घालून बसायची. सगळी आमच्या लहानशा मराठी ख्रिस्ती मंडळीतली. कुणाचे आईवडील नगरहून आलेले, कुणाचे पुण्याहून, नोकरीपायी इथेच रुजलेले. रविवारची उपासना दुसऱ्या एका चर्चच्या मागच्या सभागृहात व्हायची आणि शनिवारचा शास्त्राभ्यास माझ्याकडे. मी शाळेत गणित शिकवते. आवाज खणखणीत, राग नाकाच्या शेंड्यावर. त्यामुळे पोरं वेळेवर हजर असत, आणि ती देवाच्या ओढीने येतात अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती.

त्या पोरांत माझी मुलगीही होती, सतरा वर्षांची. पुनरुत्थानाच्या, ईस्टरच्या रविवारी तिचं दृढीकरण व्हायचं होतं. म्हणजे मंडळीसमोर उभं राहून आपल्या तोंडाने सांगायचं, की हा विश्वास आता माझा आहे, आईबापाकडून उसना घेतलेला नाही. जानेवारीत एका संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, “आई, मी उभी राहणार नाही. मला देव कधी भेटलाच नाही. भेटला असं खोटं कसं सांगू?”

“मग इतकी वर्षं बसून काय ऐकत होतीस?” मी कडाडले. उशीच्या अभ्र्याची घडी तिने दोनदा मोडली आणि पुन्हा घातली. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. पोर देवापासून लांब जाते आहे, आणि माझ्यापासूनही, असं वाटलं होतं. पण मला भीती वाटली की मी ओरडते, ही माझी जुनी खोड.

आमच्याकडे शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायची एक रीत आहे. माझ्या लहानपणी घरच्या सांजप्रार्थनेत होती, तीच मी शनिवारी चालवत असे. गोल करून बसायचं आणि पाळीपाळीने एकेकाने एकेक वचन मोठ्याने वाचायचं. आमची ही पोरं बंगळुरात वाढलेली. शाळेत इंग्रजी, कन्नड, आणि हिंदी जेमतेम पास होण्यापुरती. मराठी घरात बोलतात भराभर, पण छापील ओळ समोर आली की अडखळतात. हसू होऊ नये म्हणून प्रत्येक जण आपली पाळी कितवी ते बोटांवर मोजतो, आपलं वचन हेरून ठेवतो आणि ते ओठांतल्या ओठांत घोकत बसतो.

जानेवारीतल्याच एका शनिवारी आम्ही असेच वाचत होतो. वरून हवाई दलाचं विमान गेलं. ते गेल्यावर थांबायचं आणि मग पुढे वाचायचं, हे इथे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं आहे. तेवढ्यात एका मुलीचा फोन वाजला आणि ती उठून गॅलरीत गेली. एक जण कमी झाला. झालं, सगळ्यांचं वचन एकेक घर अलीकडे सरकलं! पानांची फडफड, “माझं कुठलं? तुझं कुठलं?” अशी कुजबुज. मी डोळे वटारले.

“आत्तापर्यंत काय वाचलं, ते सांगा बघू कुणीतरी.”

कुणालाच सांगता येईना. माझी मुलगी माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, “तू सांग ना, आई.”

मी तोंड उघडलं, आणि मलाही सांगता येईना. माझं वचन शेवटून दुसरं होतं, आणि त्यात एक जड शब्द होता. मी, शिकवणारी, तो घोळवत बसले होते. चाळीसेक वर्षं मी गोलात बसून दुसऱ्याच्या वाट्याचं एकही वचन धड ऐकलं नव्हतं. कान लाल झाले माझे. मी प्रार्थना आटोपती घेतली आणि पोरांना लवकर घरी पाठवलं.

पुढच्या शनिवारी खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई पातेलं घेऊन दारात उभ्या. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, मराठीच, पण बोलणं अर्धं कन्नडाने भिजलेलं. पातेल्यात भिजवलेले अवरेकाळू होते. आपल्या पावट्याचे हे सख्खे चुलतभाऊ, थंडीत इथे घरोघरी असतात. भिजल्यावर एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा, की साल हातात राहते आणि आतली हिरवी डाळिंबी टुणकन बाहेर पडते.

“अक्का, उद्या पाहुणे हैत आमच्याकडं. स्वल्प जास्तीच भिजवले बघा. तुमची पोरं येतात न्हवं आज? सोलून देतील काय?”

“देतील की,” मी म्हणाले.

“सरी, बरं, मग ठेवते,” म्हणून त्या गेल्यासुद्धा.

पातेलं मधोमध ठेवलं. सगळ्यांचे हात ओले, पुस्तक धरणार कोण? मग मी एकटीनेच वाचायला घेतलं, मागच्याच शनिवारचा उतारा. कुणाला पाळी नव्हती, मोजायचं काही नव्हतं. खोलीत फक्त दाणे ताटात पडल्याचा आवाज. उन्हात धुळीचे कण तरंगत होते, गॅलरीबाहेरच्या झाडाची गुलाबी फुलं एकेक करून गळत होती. माझा आवाज आपोआप खाली आला. तो मला माझा वाटेना.

गोष्ट एका संदेष्ट्याची. जीव वाचवायला रानात पळालेला, थकून एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, देवा, आता पुरे, मला मरण दे. आणि झोपून जातो. कुणीतरी त्याला हात लावून उठवतं. देवदूत असतो तो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खातो, पितो आणि पुन्हा झोपतो.

“थांब,” माझी मुलगी म्हणाली. “पुन्हा वाच.”

मी पुन्हा वाचलं.

“त्याला ओरडला नाही? असं कसं बोललास म्हणून?”

“नाही.”

“खायला दिलं, आणि परत झोपू दिलं?”

“हो. मग देवदूत दुसऱ्यांदा आला. पुन्हा हात लावला, पुन्हा खा म्हणाला. तुला लांब जायचंय, म्हणाला.”

तिच्या चिमटीत एक दाणा तसाच राहिला होता. खाली बघतच ती म्हणाली, “मला वाटायचं, देव तुझ्यासारखा असेल.”

पोरांचे हात थांबले. तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता, म्हणून तर ते जास्त लागलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. कुणीतरी हळूच पुन्हा दाणे सोलायला लागलं. मग सगळेच लागले, मीसुद्धा. पातेलं रिकामं झालं, आणि त्या दिवशी शेवटची प्रार्थना करायची राहूनच गेली.

त्यानंतर दर शनिवारी एकच जण वाचायचा आणि बाकीच्यांच्या हातांना काहीतरी काम असायचं. कधी मटार, कधी लसूण, कधी मंडळीच्या गीतपुस्तकांना कव्हरं घालणं. मी पाळकसाहेबांकडे, आमच्या धर्मगुरूंकडे, जाऊन मुलीचं नाव यादीतून काढायला सांगितलं. ते म्हणाले, “बाई, तुम्ही समजावून बघा की तिला.” मी म्हटलं, “समजावणंच फार झालंय, साहेब. तिला जरा निजू द्या.” पायऱ्या उतरताना मात्र एकच विचार मनात होता. ती कधीच उभी राहिली नाही तर?

पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटे मी तिला उठवलं नाही. भाकरी केल्या. एक ताटलीत झाकून तिच्या उशाशी ठेवली, शेजारी पाण्याचा तांब्या, आणि एकटीच निघाले.

उपासनेत दृढीकरणाची मुलं पुढच्या रांगेत बसली होती. त्यांची नावं पुकारली, ती उभी राहिली, आणि मी जमिनीकडे बघत राहिले. दुसरं गीत सुरू असताना कुणीतरी शेजारच्या खुर्चीत येऊन बसलं. केस न विंचरलेले, पायात घरातल्या सपाता.

“पुढे जाणार नाही हं मी,” ती कुजबुजली.

“नको जाऊस.”

गीत संपलं. वाचन सुरू व्हायच्या आधी जी शांतता असते, त्यात ती माझ्या कानाशी वाकली. तोंडाला भाकरीचा वास होता.

“आई, तो दुसऱ्यांदापण आला होता ना उठवायला?”

“हो,” मी म्हणाले. “दुसऱ्यांदापण.”