काळ्या गोंदावर बसवलेल्या खिडक्या

गॅरेजात बसच्या पुढच्या काचा बसवायचं काम मी करायचो, तेव्हा माझ्या डोक्यात जरा जास्तच हवा गेली होती. नळीतून काळा गोंद काढायचा, त्यावर काच दाबायची, की दोन दिवसांनी चार माणसं ओढायला लावली तरी ती हलत नसे. घरी बाबांना मी हे इतक्या वेळा ऐकवलं होतं की ते आता नुसतं 'हूं' म्हणायचे.

बाबा होड्यांचे सुतार. दोन हजार सालाच्या सुमारास जयगडच्या एका निवृत्त गृहस्थांनी गोव्याहून शिडाची जुनी बोट विकत घेतली आणि दुरुस्तीसाठी बाबांकडे भाट्याच्या खाडीत आणून लावली. केबिनला सहा खिडक्या होत्या आणि सगळ्या गळत होत्या. स्क्रूंच्या भोकांपासून काचांना चिरा गेल्या होत्या. बाबा नव्या काचाही स्क्रूनेच बसवणार होते. मी हट्ट धरला, एक भोक पाडायचं नाही, नुसत्या गोंदावर बसवून दाखवतो. दोन दिवस वाद घालून ते थकले आणि मला मोकळीक दिली.

मी बाजारातल्या दुकानातून गोंदाच्या नळ्या आणल्या, चौकटी घासल्या, थिनरने पुसल्या आणि संध्याकाळी घरी गेलो. सकाळी येऊन बघतो तर सगळ्या चौकटी चमकत होत्या. बाबा हातात तेलकट फडकं घेऊन उभे होते.

"लाकूड लय सुकं दिसलं," ते म्हणाले. "तेल पाजलं जरा."

मुशीचं तेल. मुशी म्हणजे आमच्याकडचा लहान शार्क. घासलेलं लाकूड तेल न पाजता दर्यात न्यायचं नाही, हे आमच्या लोकांच्या हाडात मुरलेलं. तेलावर माझा गोंद धरत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पुन्हा घासायचं, पुसायचं, तेल उतरेपर्यंत थांबायचं, एवढं सांगायला हवं होतं. पण माझ्या नव्या कामाला आपलाही हात लागला म्हणून बाबा खुशीत होते. त्यांचा पडलेला चेहरा मला बघायचा नव्हता. शिवाय माझ्या गोंदाची मस्ती होतीच. मी चौकटी कोरड्या फडक्याने पुसल्या आणि काचा बसवल्या. बाबांनी प्रत्येक काच माझ्याबरोबर दाबून धरली.

"टिकंल ना रं?"

"टिकंल, बाबा."

तिसऱ्या दिवशी ते एकटेच बोट घेऊन जयगडला निघाले. दुपारी परतीच्या पावसाचा वारा सुटला, तेव्हा मी गॅरेजात होतो. ट्रॉलरवाल्यांनी बोट पाण्याने भरलेली, आडवी झालेली ओढून आणली. बाबा दोन दिवसांनी मालगुंडच्या किनाऱ्याला सापडले.

वाऱ्याने घात केला, असं सगळे म्हणाले. मी बोट बघायला गेलो. सहापैकी चार खिडक्या उघड्या होत्या. गोंद धरलेला असता तर तुटलेल्या काचेचा काठ तरी चौकटीत राहिला असता. तिथे काळा ठिपकासुद्धा नव्हता, लाकूड स्वच्छ होतं. शेजारी उभ्या असलेल्यांना त्यात काही दिसलं नाही. मला मात्र ते स्वच्छ लाकूड अजून दिसतं. पुढे गॅरेजात काच बसवताना मी चौकटीवरून चार-चारदा हाताचं बोट फिरवायचो आणि तरी ती तेलकट लागायची. हात हुंगले की मुशीचा वास यायचा. शेवटी मी ते काम सोडलं.

वर्षश्राद्ध झाल्यावर एका सकाळी आईसमोर बसलो. ती तांदूळ निवडत होती.

"आये, वाऱ्यानं नाय. मी बसवलेल्या काचा निघाल्या."

तिचे हात थांबले. "कशान् निघाल्या?"

मी तोंड उघडलं आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. दरवर्षी परसात मुशीची काळजं कढवून तेल काढायची ती आईच. चौकटींना तेल पाजलं त्या सकाळी चहाबरोबर बाटली बाबांच्या हातात दिली तीही तिनेच. वर्षभर मी माझ्याच अपराधात इतका बुडालो होतो की हे मला सुचलंच नव्हतं.

"गोंद जुना व्हता," मी म्हटलं.

"मंग तुजा काय दोष? त्या दुकानवाल्यानं फसवलान् तुला." तिने सूप बाजूला ठेवलं आणि मला जेवायला वाढलं.

त्यानंतर ती सात वर्षं जगली. बाजारात गेली की त्या दुकानासमोर उभी राहून त्या माणसाला शिव्याशाप द्यायची. मी पिशवी धरून बाजूला उभा असायचो.